भारताच्या वतीने संयुक्त राष्ट्र सुधारणांचा ठराव लिहायचाय, मसुदा तपासून द्या

धरमपेठ_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. डिसेंबरात, अधिवेशनाच्या गर्दीतच, नागपुरात मराठीतून अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा आहे. समिती आमसभा, आमच्या गटाकडे देश भारत, विषय 'शांतता आणि विकासासाठी संयुक्त राष्ट्रांतील सुधारणा'. भारत सरकारचा सुधारणांना पाठिंबा आहे हे दहा ठिकाणी वाचलं, पण तो पाठिंबा कागदावर कसा उतरवायचा इथे गाडी अडली आहे. सध्याचा मसुदा हा:

कलम १ : आमसभा भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांना सुरक्षा परिषदेचं कायम सदस्यत्व देते.
कलम २ : नकाराधिकार रद्द करण्यात येतो.
कलम ३ : शांतिसैनिक पाठवणाऱ्या देशांना विचारल्याशिवाय कोणतीही मोहीम ठरवू नये.
कलम ४ : श्रीमंत देशांनी विकासनिधी वाढवावा.

यातलं काय टिकेल, काय नाही, आणि भारताची खरी भूमिका कुठे चुकते आहे, ते रोखठोक सांगा. गोड बोलू नका.

सनदवाचक

रोखठोकच सांगतो. चारही कलमं चार वेगळ्या दारांवर ठोठावतात आणि बहुतेक दारांची किल्ली आमसभेकडे नाही. म्हणून प्रत्येक मागणीपुढे पेन्सिलीने एकच गोष्ट लिहा: हे करायचा अधिकार कोणाला? सनदेच्या (म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या घटनेच्या) दुरुस्तीला, आमसभेच्या साध्या ठरावाला, सुरक्षा परिषदेला, की पैशाचं बघणाऱ्या पाचव्या समितीला? मसुद्याची अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

कलम १ घ्या. आमसभा कोणाला कायम सदस्यत्व 'देत' नाही. सनदेच्या कलम २३ मध्ये पाच कायम सदस्यांची नावं लिहिलेली आहेत. आजही तिथे 'चीनचं प्रजासत्ताक' आणि 'सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ' असंच छापलेलं आहे. १९७१ चा ठराव २७५८ (चीनची जागा बीजिंगला) आणि १९९१ च्या डिसेंबरातलं रशियाचं पत्र (सोव्हिएत जागा रशियाला), यांवर आजवरचा कारभार चालला आहे. खुर्चीवरचा माणूस असा बदलता आला. खुर्ची वाढवायची म्हटलं की सनदेलाच हात घालावा लागतो.

त्याचा रस्ता कलम १०८ मध्ये आहे आणि त्याला दोन टप्पे आहेत. आधी आमसभेत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं: १९३ पैकी १२९. मग तितक्याच देशांनी आपापल्या घटनात्मक पद्धतीने अनुमोदन द्यायचं, आणि त्यात पाचही कायम सदस्य असलेच पाहिजेत. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३६८ खाली काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांची संमती लागते, तसलाच प्रकार. फक्त इथे पाच 'राज्यं' अशी आहेत की त्यांतलं कोणतंही एकटंच दुरुस्ती अडवू शकतं. त्यातही अमेरिकेत सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते, म्हणजे वॉशिंग्टनमधलं सरकार राजी असलं तरी काम संपलं असं नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'हजर व मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश' असं लिहिणं. महत्त्वाच्या विषयांवर आमसभेचा तो नेहमीचा नियम आहे (कलम १८). सनद दुरुस्तीला तो लागू नाही. परिषदेच्या विस्तारासंबंधीच्या ठरावांनाही एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांशांचा पाठिंबा लागेल, असं आमसभेने २३ नोव्हेंबर १९९८ च्या ठराव ५३/३० मध्ये ठरवून टाकलं. तटस्थ किंवा गैरहजर राहणारा देश इथे प्रत्यक्षात विरोधातच मोजला जातो.

आता आकड्यांची गंमत. १९६३ मध्ये परिषद ११ वरून १५ केली, ठराव क्रमांक १९९१ (अठरावं सत्र), १७ डिसेंबर १९६३, बाजूने ९७, विरोधात ११, तटस्थ ४. फ्रान्स आणि सोव्हिएत संघ विरोधात होते, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ. तरी पुढच्या साडेवीस महिन्यांत सगळ्यांनी अनुमोदन दिलं आणि ३१ ऑगस्ट १९६५ ला दुरुस्ती लागू झाली. 'आज विरोध आहे म्हणजे उद्या अनुमोदन मिळणारच नाही' असं कोणी सभेत म्हणालं तर हे उदाहरण खिशात ठेवा.

त्या वेळी सदस्यसंख्या वाढवली म्हणून सनदेच्या कलम २७ मधली परिषदेच्या निर्णयाला लागणारी मतं ७ वरून ९ केली. पण कलम १०९ (सनदेच्या फेरविचारासाठी परिषद बोलावण्याचं) मध्येही 'कोणतेही सात सदस्य' असं होतं, ते राहूनच गेलं! ते ९ करायला वेगळी दुरुस्ती आणावी लागली (ठराव २१०१, १९६५), ती १९६८ च्या जूनमध्ये लागू झाली. आणि १०९ च्या तिसऱ्या परिच्छेदात 'सात' आजही तसंच आहे. मोठमोठ्या मुत्सद्द्यांची ही गत, तर तुमच्या मसुद्यात आकड्यांची साखळी सुटणं अगदी शक्य आहे. कलम २३ हलवलं की २७ आणि १०९ तपासायचंच.

भारताने खरोखर काय मांडलं होतं ते २००५ च्या जुलैमधल्या मसुद्यात बघा. क्रमांक ए/५९/एल.६४. भारत, जपान, जर्मनी, ब्राझील या जी-४ गटाचा. परिषद १५ वरून २५. नवे कायम सहा: आफ्रिका २, आशिया २, पश्चिम युरोप व इतर १, लॅटिन अमेरिका-कॅरिबियन १. नवे अस्थायी चार: आफ्रिका, आशिया, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका-कॅरिबियन प्रत्येकी १. निर्णयाला २५ पैकी १४ मतं. नव्या कायम सदस्यांनी नकाराधिकार वापरायचा नाही, १५ वर्षांनी फेरआढाव्यात त्याचा निकाल लावायचा. त्या मसुद्यात कोणत्याही देशाचं नाव कायम सदस्य म्हणून घातलेलं नाही, भारताचंसुद्धा. क्रम असा होता: आधी चौकट ठरवणारा ठराव, मग आमसभेत गुप्त मतदानाने देशांची निवड, मग सनद दुरुस्ती. तुमच्या कलम १ ने पहिल्याच ओळीत चार नावं टाकून आफ्रिकेच्या ५४ देशांना घराबाहेर ठेवलं आहे. १२९ कुठून आणणार?

तर्री_पोहे

हे वाचून एक उपप्रश्न. १९६५ ला साडेवीस महिन्यांत झालं, मग आता का अडलंय? १९७९ मध्ये भारत आणि इतर देशांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणला होता ना? बाप्पा, तेव्हाची पोरं आता निवृत्त झाली.

सनदवाचक

तर्रीभाऊ, १९६३ मध्ये फक्त अस्थायी जागा वाढल्या. कायम सदस्य कोण, नकाराधिकार कोणाला, या प्रश्नांना हातच लावला नव्हता. आणि नव्याने स्वतंत्र झालेले आफ्रो-आशियाई देश एकगठ्ठा उभे होते. आज तसा गठ्ठा नाही, चार चुली आहेत.

जी-४ बद्दल वर आलं. दुसरी आफ्रिकन संघाची: २००५ च्या एझुल्विनी सहमतीप्रमाणे आफ्रिकेला २ कायम जागा, त्याही नकाराधिकारासकट, शिवाय ५ अस्थायी. परिषद २६ ची. तिसरी 'युनायटिंग फॉर कन्सेन्सस': इटली, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, अर्जेंटिना, मेक्सिको वगैरे. यांना नवे कायम सदस्यच नकोत, निवडून येणाऱ्या जागा वाढवा एवढंच. चौथी एल.६९, विकसनशील देशांचा गट, भारत यातही आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये अदिस अबाबात आफ्रिकन संघाने जी-४ शी जुळवून घ्यायचं नाकारलं ते नकाराधिकाराच्या मुद्द्यावर, आणि जी-४ चा एल.६४ मसुदा मतदानाला गेलाच नाही. तेव्हा १९१ सदस्य होते, १२८ मतं हवी होती. आफ्रिकेशिवाय ती जमत नव्हती.

त्यानंतर गाडी आंतरसरकारी वाटाघाटींच्या रुळावर गेली. निर्णय ६२/५५७, सप्टेंबर २००८, पहिली बैठक फेब्रुवारी २००९. पाच विषय: सदस्यत्वाचे प्रकार, नकाराधिकार, प्रादेशिक प्रतिनिधित्व, परिषदेचा आकार व कामाची पद्धत, आणि परिषद-आमसभा संबंध. भारताची खरी तक्रार समजून घ्यायची तर इथे थांबा. या वाटाघाटींना आमसभेचे नेहमीचे कार्यपद्धतीचे नियम लावले जात नाहीत. वाटाघाटी करायला एकच समान मसुदा समोर नाही. सगळं सहमतीने, म्हणजे एकाने मान हलवली नाही की थांबलं. सत्र संपलं की 'पुढच्या सत्रात चालू' असा ठराव होतो आणि पाटी पुन्हा कोरी. बैठकांचं थेट प्रक्षेपण आणि कागदपत्रांचं एका जागी संकलन हे २०२३ नंतर सुरू झालं. म्हणून भारत इतकी वर्षं 'मजकुरावर आधारित वाटाघाटी' हे तीन शब्द धरून बसला आहे. बाहेरच्याला ते तांत्रिक वाटतं. पण ज्या कागदावर खाडाखोड करता येते त्यावरच कधीतरी मतदान होऊ शकतं.

२२ सप्टेंबर २०२४ ला स्वीकारलेल्या भविष्यविषयक करारातली कृती ३९ सुरक्षा परिषद सुधारणेवर आहे. आफ्रिकेवरचा ऐतिहासिक अन्याय आधी दूर करायचा हे त्यात आलं. मुदत मात्र नाही, समान मसुदाही नाही.

सीताबर्डी_किल्ला

नागपूरकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आलं, आणि वैधानिक विकास मंडळं प्रत्यक्षात १९९४ मध्ये. तीही ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून थांबली. पाठिंबा कोणाचा नव्हता? सगळ्यांचाच होता.

आणि शब्दही तोच वापरा: अनुशेष. १९४५ मध्ये ५१ देशांना परिषदेत ११ जागा होत्या, साधारण साडेचार देशांमागे एक. आज १९३ देशांना १५, तेरामागे एक. आफ्रिकेच्या वाट्याला १० अस्थायी जागांपैकी ३ आणि कायम शून्य. परिषदेच्या कामाचा मोठा भाग आफ्रिकेबद्दलच असतो. भाषणात 'प्रातिनिधिकता' हा जड शब्द म्हणण्यापेक्षा 'आफ्रिकेचा अनुशेष' म्हणा, नागपूरच्या सभागृहात लगेच पोहोचेल.

आणखी एक. २०२३ च्या मार्चमध्ये जी-२० च्या सी-२० ची (नागरी संस्थांच्या गटाची) प्रारंभिक बैठक आपल्याच गावात झाली होती आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला दिल्लीत आफ्रिकन संघ जी-२० चा सदस्य झाला. हे भारताच्या अध्यक्षतेतलं काम. आफ्रिकेच्या प्रतिनिधींशी मसुद्यावर बोलताना पहिलं वाक्य हेच ठेवा. पण लगेच कोणी विचारेल, जी-२० मध्ये जमलं ते संयुक्त राष्ट्रांत का नाही? उत्तर: जी-२० ला सनदही नाही आणि अनुमोदनही नाही, बैठकीतल्या सहमतीवर काम झालं.

धरमपेठ_अभ्यासिका

कलम १ चा निकाल लागला, आता कळलं. पण कलम २? भारत नकाराधिकाराच्या विरोधात आहे की त्याला स्वतःला तो हवाय? दोन्ही वाचायला मिळतं.

सनदवाचक

दोन्ही खरं आहे, क्रम लावून वाचा. तत्त्व म्हणून भारत नकाराधिकार जावा या बाजूचा. पण तो राहणार असेल तर नव्या कायम सदस्यांनाही हवा, कारण नाहीतर कायम सदस्यांतच दोन वर्ग होतात. आफ्रिकन गटाचं आणि एल.६९ चंही साधारण असंच म्हणणं. आणि तडजोड म्हणून जी-४ ची १५ वर्षं थांबायची तयारी. सभेत प्रतिस्पर्धी याच तीन वाक्यांतली फट शोधेल, तेव्हा तिन्ही एकाच दमात आणि याच क्रमाने सांगा.

तुमचं कलम २ मात्र काढाच. सनदेतलं नकाराधिकाराचं कलम २७(३) रद्द करायला पुन्हा कलम १०८ लागतं, म्हणजे ज्यांचा नकाराधिकार काढायचा त्यांचीच सही लागते. त्याऐवजी आमसभेच्या आवाक्यातलं बघा. २६ एप्रिल २०२२ चा ठराव ७६/२६२, लिश्टेनश्टाइनने आणलेला: परिषदेत नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांच्या आत आमसभेची बैठक बसते आणि त्यावर चर्चा होते. सनदेला हात न लावता झालेलं काम आहे. पण सावध: हा ठराव मतदानाविना मंजूर झाला, तरी तो ज्या पद्धतीने पुढे रेटला गेला त्यावर भारताने सर्वांना सामावून न घेतल्याची नाराजी नोंदवली होती. भारत म्हणून बोलताना त्याचा जयजयकार करू नका, 'दखल घेत' एवढंच लिहा.

आणि एक लपलेला नकाराधिकार आहे, ज्यावर भारत खरोखर तिखट बोलतो. निर्बंध समित्यांमधला. १२६७ समितीत (अल कायदा-आयसिसवरच्या निर्बंधांची) सगळे निर्णय सर्वसंमतीने, आणि एखाद्या सदस्याने 'तांत्रिक स्थगिती' टाकली की नाव अडकतं. बाहेर कारण सांगावं लागत नाही, कोणी अडवलं तेही अधिकृतपणे जाहीर होत नाही. मसूद अझहरचं नाव असंच वर्षानुवर्षं अडलं आणि १ मे २०१९ ला यादीत आलं. यासाठी सनद बदलायची गरज नाही, परिषदेने स्वतःची कार्यपद्धती बदलली तरी पुरे. परिषदेचे कार्यपद्धतीचे नियम १९४६ पासून आजपर्यंत 'हंगामी'च आहेत, हेही लक्षात असू द्या. ऐंशी वर्षांचं हंगामी!

निळी_टोपी

कलम ३ वर लिहितो, कारण भारताचं बोलणं सर्वांत वजनदार असेल तर ते इथे. आजवर पन्नासहून अधिक मोहिमांत २,९०,००० च्या आसपास भारतीय सैनिक-पोलीस गेले, १८० च्या आसपास कामी आले, आणि कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे.

मोहिमेचा आदेश सुरक्षा परिषद देते. बहुतेक आदेशांचा पहिला मसुदा लिहितो तो 'पेनहोल्डर' देश, आणि हे पेन बहुतांशी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्या हातात असतं. २००१ च्या ठराव १३५३ ने सैनिक पाठवणाऱ्या देशांशी बैठका घेण्याची पद्धत ठरवून दिली. बैठका होतातही. पण मुदतवाढीच्या तारखेच्या इतक्या तोंडावर होतात की तोवर मसुदा बांधून झालेला असतो. विचारलं, ऐकलं, पुढे सरकलं. दुखणं वेळापत्रकाचं आहे. म्हणून 'विचारल्याशिवाय ठरवू नये' असं मोघम न लिहिता 'आदेशाचा पहिला मसुदा परिषदेत फिरवण्यापूर्वी' अशी वेळ बांधून घाला.

दुसरा खड्डा: सनदेचं कलम ४४. भारतीय भाषणांत याचा उल्लेख असतो, म्हणून बरेच गट ते जसंच्या तसं डकवतात. कलम ४४ म्हणतं की परिषदेत नसलेल्या देशाकडून सैन्य मागण्यापूर्वी त्याला त्याच्या तुकड्यांच्या वापराबाबतच्या निर्णयात सहभागी व्हायचं निमंत्रण द्यावं. पण ते कलम ४३ खालच्या सैन्याबद्दल आहे, आणि कलम ४३ चे करार आजवर एकाही देशाशी झालेले नाहीत. शांतिसेना हा शब्दच सनदेत नाही, म्हणून तर तिला 'अध्याय साडेसहा' म्हणायची पद्धत पडली. तेव्हा 'कलम ४४ नुसार' असं लिहिलंत तर जाणकार परीक्षक तिथेच पकडेल. 'कलम ४४ मागील भावना लक्षात घेऊन' असं लिहा आणि तेही प्रास्ताविकात.

तिसरं पैशाचं. सैनिकामागे देशाला मिळणारी भरपाई पाचवी समिती ठरवते. २०१८ मध्ये ती महिना १,४२८ डॉलर केली होती. शिवाय तुकडीने सोबत नेलेल्या सामग्रीचं भाडं वेगळं. शांतिसेनेचं अंदाजपत्रक १ जुलै ते ३० जून चालतं, नियमित अंदाजपत्रक मात्र जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही एका वाक्यात मिसळू नका. मोठे देणेकरी वर्गणी उशिरा भरतात, मग सैनिक पाठवणाऱ्या देशांची भरपाई रखडते. म्हणजे रोखीची टंचाई भागते ती बांगलादेश, नेपाळ, भारत, रवांडा अशा देशांच्या खिशातून. सभेत हे एक वाक्य शांतपणे म्हणा, बाकीचं वातावरण आपोआप तयार होतं.

भारताने करून दाखवलेलं काही हवं असेल तर: १८ ऑगस्ट २०२१ चा ठराव २५८९, परिषदेच्या भारतीय अध्यक्षतेत मंजूर झालेला, शांतिसैनिकांवर हल्ले करणाऱ्यांना जबाबदार धरण्याबद्दल. आणि जून २०२३ मध्ये आमसभेत भारताने आणलेला शहीद शांतिसैनिकांच्या स्मारक-भिंतीचा ठराव. पहिला परिषदेचा, दुसरा आमसभेचा. कोणता कुठे बसतो ते चुकवू नका.

विकास_खिडकी

कलम ४ चारही कलमांत सर्वांत पातळ आहे. 'निधी वाढवावा' याला कोणी विरोध करत नाही आणि कोणी पैसेही देत नाही.

विकासाच्या बाजूची मोठी सुधारणा आधीच झाली आहे, ती मसुद्यात दिसतच नाही. ३१ मे २०१८ चा ठराव ७२/२७९. त्याआधी एखाद्या देशातला संयुक्त राष्ट्रांचा निवासी समन्वयक हाच सहसा यूएनडीपीचाही (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचाही) प्रतिनिधी असे. म्हणजे पंच आणि खेळाडू एकच. १ जानेवारी २०१९ पासून ही पदं वेगळी झाली आणि समन्वयक थेट सरचिटणिसांना जबाबदार झाला. त्याच दिवशी राजकीय व शांतता-उभारणी विभाग आणि शांतिमोहीम विभाग अशी सचिवालयाची नवी मांडणीही लागू झाली. शांतता आणि विकास हे दोन्ही तुमच्या विषयात आहेत, तर ही तारीख प्रास्ताविकात हवीच.

अडलं कुठे? पैशाच्या जातीत. विकासकामाला येणारा बहुतेक पैसा देणारा देश आधीच नाव घालून देतो: अमक्या देशात, अमक्या कार्यक्रमासाठी. संस्थेला स्वतःच्या विवेकाने वापरता येईल असा मूळ निधी थोडा. मग देणगीदाराला जे दिसतं ते काम होतं, आणि समन्वयकाच्या हाती पैशाची दोरी नसल्यामुळे त्याचं बाकीच्या संस्था किती ऐकणार? समन्वयकांच्या खर्चासाठी घट्ट बांधलेल्या देणग्यांवर १ टक्का आकार बसवला, त्यातून लागतील तेवढे पैसे आले नाहीत. २०१९ च्या निधी करारात मूळ निधीचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं होतं. तुमच्या कलमाला हा आकडा द्या, म्हणजे नुसत्या 'वाढवा'ला हाडं येतील.

जागाही योग्य निवडा. या सगळ्याचा आढावा आमसभा दर चार वर्षांनी क्यूसीपीआर नावाच्या ठरावातून घेते, आर्थिक विषय बघणाऱ्या दुसऱ्या समितीमार्फत: २०१६, २०२०, २०२४. पुढचा २०२८. 'पुढील चौवार्षिक आढाव्यात अहवाल सादर करावा' असं लिहिलंत की तारीख आणि जबाबदारी दोन्ही बसतात.

भारताचा स्वतःचा हिशेब विचारतीलच. २०१७ च्या जूनमध्ये भारत-संयुक्त राष्ट्र विकास भागीदारी निधी सुरू झाला, पुढे त्यात राष्ट्रकुल देशांसाठी वेगळी खिडकी जोडली, मिळून १५ कोटी डॉलरची बांधिलकी. चालवतं संयुक्त राष्ट्रांचं दक्षिण-दक्षिण सहकार्य कार्यालय. पहिला प्रकल्प पॅसिफिकमधल्या सात बेटदेशांसाठी, हवामान-आपत्तीची पूर्वसूचना देणारा. प्रकल्प मागणारा देश ठरवतो, हे याचं बलस्थान. पण हाही मूळ निधी नाही, वेगळा ठेवलेला निधीच आहे. समोरच्याने हे काढलं तर नाकारू नका. 'अट भारताची नाही, मागणी यजमान देशाची' हे उत्तर प्रामाणिक आहे आणि टिकतंही.

वर्गणीबाबत भारत बिनधास्त बोलू शकतो. २०२२-२४ मध्ये नियमित अंदाजपत्रकातला वाटा १.०४४ टक्के, आणि अलीकडच्या वर्षांत वेळेत पूर्ण भरणाऱ्यांच्या यादीत नाव. सरचिटणीस गुतेरेस यांनी मार्च २०२५ मध्ये यूएन-८० हा सुधारणा उपक्रम सुरू केला, त्यामागे रोखीची टंचाई आहेच. तिचं एक विचित्र कारण नियमांतच आहे: वर्षअखेर न खर्चलेली रक्कम सदस्यांच्या खात्यात परत जमा दाखवावी लागते, मग खर्च न होण्याचं कारण वर्गणीच आली नाही हे का असेना! न आलेले पैसे परत करायचे. हा वित्तीय नियम आमसभा स्वतः बदलू शकते. तुमच्या समितीकडे किल्ली असलेली जागा शोधत होता ना? ही घ्या.

शांतता आणि विकास जोडणारं एक कलम हवं असेल तर शांतता-उभारणी आयोग आहे. डिसेंबर २००५, आमसभेचा ठराव ६०/१८० आणि परिषदेचा १६४५ एकाच दिवशी. ३१ सदस्य: परिषदेतून ७, आर्थिक-सामाजिक परिषदेतून ७, मोठे वर्गणीदार ५, मोठे सैनिकदाते ५, आमसभेतून ७. सनदेचा स्वल्पविरामही न हलवता नवी संस्था उभी राहिली. शिवाय परिषदेत नसलेल्या सैनिकदात्याला इथे हक्काने बसायला मिळतं. कलम ३ मधली मागणी अर्धीमुर्धी इथून पुढे नेता येते, निळी_टोपीदादांनी सांगितलेला वेळापत्रकाचा मुद्दा आयोगाच्या सल्ल्याला जोडा.

धरमपेठ_अभ्यासिका

सगळ्यांचे आभार. दादा, ताई, सर कोण आहात माहीत नाही, म्हणून सरसकट. नवा मसुदा टाकते:

कलम १ : सुरक्षा परिषदेच्या कायम व अस्थायी अशा दोन्ही वर्गांत वाढ करण्यासाठी, आफ्रिकेच्या प्रतिनिधित्वाचा अनुशेष प्रथम दूर करत, एकाच समान मसुद्यावर वाटाघाटी चालू सत्रातच सुरू कराव्यात, अशी आंतरसरकारी वाटाघाटींच्या सहअध्यक्षांना विनंती करते.
कलम २ : निर्बंध समित्यांमधील स्थगितीची कारणं लेखी नोंदवण्याची पद्धत घालावी, असं सुरक्षा परिषदेला आवाहन करते.
कलम ३ : शांतिमोहिमेच्या आदेशाचा पहिला मसुदा फिरवण्यापूर्वी सैनिक पाठवणाऱ्या देशांशी व शांतता-उभारणी आयोगाशी सल्लामसलत व्हावी, असं सुरक्षा परिषदेला आवाहन करते.
कलम ४ : न मिळालेल्या वर्गणीपोटी खर्च न झालेली रक्कम सदस्यांना परत न करण्यासाठी वित्तीय नियमांत बदल करण्याचं ठरवते, आणि मूळ निधीचा वाटा ३० टक्क्यांवर नेण्याच्या प्रगतीचा अहवाल पुढील चौवार्षिक आढाव्यात मागवते.

सनदवाचक

आता ठराव झाला. क्रियापदंही बरोबर पडली आहेत: परिषदेला आवाहन, सहअध्यक्षांना विनंती, आणि 'ठरवते' फक्त स्वतःच्या अधिकारात. कलम ४ मधली दोन वाक्यं मात्र वेगळी करा. पहिलं पाचव्या समितीचं, दुसरं दुसऱ्या समितीचं, एका कलमात ठेवलं तर विभाजित मतदान (तुकड्यातुकड्यावर वेगळं मत) मागून कोणीतरी अर्धं पाडेल.

कलम १ मध्ये 'चालू सत्रातच' ऐवजी सत्राचा क्रमांक घाला. चीन किंवा 'युनायटिंग फॉर कन्सेन्सस'चा गट पहिली दुरुस्ती तिथेच आणेल, 'शक्य तितक्या लवकर' म्हणून. ती मान्य करायची की नाही हे आधी ठरवून या, ऐनवेळी एकमेकांची तोंडं बघू नका.

निळी_टोपी

आणि आयोजकांना आजच विचारा की दोन तृतीयांश कशाचे मोजणार. कलम १ वर ५३/३० चा मुद्दा कोणीतरी काढेलच. यादीत चाळीस देश असतील तर आकडा २७, चहाला कितीही जण बाहेर गेलेले असोत.